उपाशी दुपटं

आमच्या घरी नाताळ रोवण्यात सुरू होते. लोकं हसतात. हसू द्या. बाहेर बांध्यांमध्ये बाया गुडघाभर चिखलात धान लावून राहतात, अन् आमच्या ओसरीवर माझी सासू नीलाबाई जुन्या लुगड्यांचा ढीग मांडून बसते. कोणाले वाकळ, कोणाले पिशवी, कोणाच्या लेकराले चिंध्यांची बाहुली. पोळ्यापर्यंत सगळं शिवून लोखंडी पेटीत गेलं पायजे, असा तिचा कायदा. बाजारातून आणून हातात टेकवलेल्या वस्तूले ती गिफ्टच म्हणत नाई. "ज्याच्यासाठी पावसाळाभर सुई टोचून घेतली, त्याले दिलं तं दिलं," असं तिचं.

मी दीपाली, सावली गावची. माझ्या माहेरी नाताळ म्हणजे शाळेले सुट्टी, बस. प्रवीणशी मी माझ्या मर्जीनं लग्न केलं अन् मुलचेऱ्याच्या या बाजूले आली, जिथी मागच्या दारातून निघालं की जंगलच लागते. प्रवीण टिप्पर चालवते, आठ-आठ दिवस बाहेर. घरात सासू अन् मी. ती मिशनच्या दवाखान्यात आया होती. जन्मभर दुसऱ्यांची लेकरं धुतली-पुसली, रिटायर झाली, अन् हुकूम चालवाले तिले एक मीच उरली. खूप भांडलो आम्ही. पण भांडण झालं की ती चहा करून आणे, माझ्यासमोर ठेवे, अन् काही न बोलता बाजूले बसे. मले ते आवडे. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढचं ऐकून कोणी म्हणेल, सुनेनंच केलं.

वाकळीची तिची एक रीत होती. तिची माय एटापल्लीकडची, तिनं शिकवलेली. वाकळ सगळी शिवून झाली की शेवटचा कोपरा उघडा ठेवाचा, त्यात चिमूटभर तांदूळ अन् गुळाचा खडा टाकाचा, अन् मंगच शेवटचा टाका माराचा. त्याले ती घास म्हणे. "पांघरूण माणसाच्या अंगावर झोपते," ती मले सांगे. "त्याचं पोट भरलेलं पायजे. उपाशी राह्यलं तं ज्याच्या अंगावर आहे त्याचंच खाते." मी म्हटलं, आई, हे तुमच्या चर्चमध्ये चालते काय? ती म्हणाली, येशूनं लोकांले जेवूच घातलं होतं, त्याले काऊन वाईट वाटणार?

त्या वर्षी मले दिवस गेले होते. तारीख नाताळाच्या आसपासची निघाली, अन् नीलाबाईचं डोकंच फिरलं. नातवंड नाताळात येणार अन् पेटीत त्याचं काही नाई, हे तिले सहन होईना. पण लेकराच्या जन्माआधी त्याच्यासाठी नवं काही शिवत नाईत. माझी माय तं टोपरंसुद्धा घेऊ देत नव्हती, अन् दवाखान्यात जन्म काढलेली नीलाबाईही ते पाळत होती. काऊन पाळते ते मी विचारलं नाई. तिथी तिनं काय काय पाहिलं असेल, ते तिले माहीत.

काही दिवस ती सुई हातात न घेताच ओसरीवर बसली. मंग एका सकाळी मले म्हणते, "दीपाली, सापडलं व. दुपटं शिवते, पण पूर्ण नाई करत. घास टाकत नाई, कोपरा उघडा ठेवते. पूर्ण झालंच नाई तं शिवलं कुठी? लेकरू आलं की घास टाकला, एक टाका मारला, झालं."

वकिलाले हरवेल असं डोकं. मले हसू आलं, अन् खरं सांगते, बरंही वाटलं. पोटातल्याची कोणीतरी इतकी वाट पाहून राह्यलं होतं. मीच माझी पिवळी ओढणी काढून दिली. तिनं दवाखान्यातलं निळ्या काठाचं लुगडं फाडलं, प्रवीणचा शाळेतला सदरा घेतला, अन् बारीक बारीक टाके घातले. प्रत्येक टाक्याले पुटपुटे, "हे माझ्या नातवंडाचं, हे माझ्या नातवंडाचं." हातभर लांबीचं दुपटं झालं, भलतं मऊ. एक कोपरा बोट जाईल इतका उघडा. घडी घालून तिनं ते सगळ्या वाकळींच्या वर ठेवलं अन् पेटीले कडी लावली.

गणपती उठले अन् चांगलं ऊन पडलं. वाकळींले ऊन दाखवाले म्हणून आम्ही पेटी उघडली. शेजारच्या बापूरावभाऊसाठी शिवलेली वाकळ मी उचलली, तं तिचा कोपरा उघडा. तिच्या खालची घेतली, तिचाही. सगळ्या वाकळींचे शेवटचे टाके निघालेले अन् आतले तांदूळ-गूळ साफ.

"उंदीर," नीलाबाई म्हणाली.

मी म्हटलं, आई, उंदीर कुरतडते, गाठ सोडवत नाई. धागे तुटलेले नव्हतेच. कोणीतरी बारीक बोटांनी ते सोडवले होते, सरळ केले होते अन् ज्याच्या त्याच्या वाकळीच्या कडेले ठेवले होते. पेटीत लेंडी नाई, भोक नाई. दुपटं जिथी ठेवलं होतं तिथीच होतं. उचललं तं मले जरा जड लागलं. ओल धरली असेल म्हणून मी ते उन्हात टाकलं.

तिनं सगळ्या वाकळींत परत घास भरले, माझ्याकडे न पाहता. दुपट्यात टाकला नाई. मी म्हटलं, यातही टाकून द्या ना. तं म्हणते, "मंग ते पूर्ण होईल ना व."

त्यानंतर माझी भूक सुरू झाली. भूक सगळ्याच गरोदर बायांले लागते, पण ही तशी नव्हती. मी गंजभर भात खाऊन उठे अन् हात धुवेपर्यंत पोट रिकामं. खाल्लेलं जाते कुठी, तेच समजेना. बांगड्या मनगट सोडून कोपराकडे सरकू लागल्या. नर्सबाईनं वजन केलं अन् मले विचारलं, घरी जेवाले देत नाई काय तुले? नीलाबाई बाजूलेच उभी होती. तिचं तोंड एवढंसं झालं. त्या दिवसापासून ती माझ्या ताटात आपल्या ताटातलंही वाढू लागली, अन् मी तेही खाल्लं, अन् तेही गेलं. पोटातलं लेकरू आधी रोज पाय मारे. ते हळूहळू कमी हलू लागलं. कधी कधी तं मी हात ठेवून वाट पाहात बसे अन् काहीच होत नसे.

एके दुपारी सासू बांधीवर धान पाहाले गेली होती. मी मधल्या खोलीत ताट घेऊन बसली. पेटी समोरच्या भिंतीशी. मी घास गिळला की पेटीतून आवाज येऊन राह्यला होता. चुट, चुट. लेकरू दूध ओढते तसा. मी घास तोंडातच धरून ठेवला, तं आवाज थांबला. गिळला, तं पुन्हा आला. बाहेर लख्ख ऊन, अंगणात कोंबड्या फिरून राह्यल्या, बापूरावभाऊ त्यांच्या बैलाले शिव्या देऊन राह्यले, अन् इथी पेटीत कोणी दूध ओढून राह्यलं होतं.

पण मी भित्री नाई. उठून पेटी उघडली. दुपटं हातात घेतलं तं कोमट, आत्ताच कोणाच्या तरी अंगावरून काढल्यासारखं. उघडा कोपरा ओला होता. मी तो नाकाशी नेला. दुधाचा वास. मले दूध यायले अजून खूप वेळ होता.

मंग मले राग आला. माझ्या लेकराच्या तोंडचं खाते? मी तांदळाच्या डब्यात हात घातला, मूठभर तांदूळ त्या कोपऱ्यात कोंबले, गूळ कोंबला, अन् जाड दोऱ्यानं टाक्यावर टाका मारून कोपरा बंद केला. घे म्हटलं, खा अन् मर. सकाळी पेटी उघडली तं दोरा सोडवून, सरळ करून कडेले ठेवलेला. तांदूळ पेटीभर सांडले होते, एक दाणा कमी नाई. गुळाले मुंगीसुद्धा लागली नव्हती. त्याले हा घास नकोच होता. दुसऱ्याच घासाची चटक लागली होती त्याले.

मी कोणाले काही सांगितलं नाई. दुपटं पदराखाली घेतलं अन् तडक बोडीवर गेली. बोडी म्हणजे आमच्या बांध्यांच्या वरच्या अंगाचं तळं, पावसाचं पाणी साठते ते. दुपट्यात दगड बांधला अन् फेकलं. ते बुडालं. बुडता बुडता माझ्या पोटात सगळं गप्प झालं. कसं सांगू. आत कोणीतरी आहे हे अंगाले इतके दिवस माहीत असते, झोपेतसुद्धा. ते माहीत असणंच गेलं. मी कपड्यासकट पाण्यात शिरली. पाणी छातीले लागलं. पायानं चाचपून चाचपून मी ते शोधलं, बाहेर काढलं, पिळलं अन् छातीशी धरलं. तेव्हा आतून एक लाथ बसली. मी तिथीच चिखलात बसून रडली, गुरासारखी.

नीलाबाई धापा टाकत आली. मले पाण्यात पाहून कोणीतरी तिले सांगितलं होतं. मी तिले सगळं सांगितलं, पेटीतला आवाज, दुधाचा वास, सांडलेले तांदूळ. शिव्याही दिल्या. तुमच्या गिफ्टापायी माझं लेकरू चाललं म्हटलं. आणखी काय काय म्हटलं ते इथी सांगत नाई. ती ऐकत होती, अन् दुपट्याच्या उघड्या कोपऱ्यात बोट घालून पाहून राह्यली होती. एकदम तिनं बोट काढून घेतलं. टोकाले ते पांढरं पडलं होतं अन् सुरकुतलं होतं.

"उपाशी ठेवलं मी याले," ती म्हणाली. "अन् टाक्याटाक्याले याले नाव सांगितलं. आता हे त्या नावाचंच खाणार."

"जाळून टाका."

"बुडवलं तं काय झालं, पाहिलं ना तू?"

घरी आणून तिनं मले कोरडे कपडे दिले, चुलीपाशी बसवलं, चहा दिला. मंग अंगणात पाट मांडला, तोंड धुतलं, पांढरं लुगडं नेसली अन् डोक्यावर पदर घेऊन पाटावर बसली. चर्चले जाते तशी. दुपटं वाळाले टाकलं होतं, ते मले आणाले लावलं.

"माझा नाताळ यंदा लवकर," म्हणते. "मले हे गिफ्ट दे. तुझ्या हातानं दे. म्हण, हे माझ्या लेकराचं नाई, हे नीलाबाईचं."

"मंग तुमचं काय होईल?"

"म्हातारीचं काय खाणार ते? हाडकं?" ती हसली. तिनं दोन्ही हात समोर पसरले होते. "दे व. हात दुखून राह्यले माझे."

मले समजत नव्हतं असं मी म्हणणार नाई. समजत होतं. पण पोटात लेकरू मरून राह्यलं असलं की बाई दुसऱ्या कोणाचा विचार करत नाई, अन् त्याची मले लाज नाई. दुःख आहे, लाज नाई. मी म्हटलं, हे माझ्या लेकराचं नाई, हे नीलाबाईचं. अन् तिच्या हातांवर ते ठेवलं. तिनं डोळे मिटले, जरा वेळ तसेच ठेवले. मंग कोपऱ्यात तांदूळ अन् गूळ भरला, एकच टाका मारला अन् दोरा दातानं तोडला. तो टाका आजपर्यंत निघाला नाई.

त्या संध्याकाळी मी वाटीभर भात खाल्ला अन् माझं पोट भरलं.

माझी पोट्टी दिव्यानी नाताळाच्या तोंडावर झाली. गुटगुटीत, आवाज असा की सगळा दवाखाना जागा. नीलाबाईनं तिले आपल्या जुन्या लुगड्यात गुंडाळलं. स्वतः मात्र त्या थंडीत ते हातभर दुपटं घेऊन झोपे. पाय तेवढे झाकले जात. मी म्हटलं, आई, पेटीत वाकळी पडल्या आहेत, त्यातली घ्या. म्हणते, "माझं गिफ्ट आहे. दुसरं काऊन घेऊ?"

पहिल्यांदा मले तिचे ब्लाऊज ढिले दिसले. वाळली असेल म्हटलं. मी ते आवळून दिले. मंग लुगडं जमिनीवर लोळू लागलं, अन् ती कमरेले जास्तीचं खोचू लागली. फळीवरचा मिठाचा डबा ती रोज काढे, तो एक दिवस तिनं मले मागितला. चर्चमध्ये बाकावर बसली की तिचे पाय जमिनीले लागेनात. प्रार्थनेत सगळे डोळे मिटत अन् मी तिचे हलणारे पाय पाहात बसे. चंद्रपूरच्या डॉक्टरनं पाठीचे फोटो काढले अन् सांगितलं, वय झालं की माणसं वाकतात. ती वाकलेली नव्हती. ताठ होती. तोंड, केस, हात, सगळी जशीच्या तशी नीलाबाई, फक्त बांधाच्या पलीकडे दूर उभी असल्यासारखी दिसे. जवळ गेलं तरी तशीच दिसे.

प्रवीण एकदा खूप दिवसांनी घरी आला अन् दारातच थांबला. मायकडे पाहिलं, मंग माझ्याकडे पाहिलं. मी त्याले सगळं सांगितलं होतं, पण फोनवर सांगितलेलं वेगळं अन् डोळ्यांनी पाहिलेलं वेगळं.  जेवाले बसताना त्यानं तिच्या पाटावर दोन उशा ठेवल्या अन् तिले उचलून बसवलं. "हळू बे," ती म्हणाली, "माय आहो मी तुझी." मंग तो जेवलाच नाई.

दुपटं मी मोजून पाहिलं आहे. हातभरच आहे, वाढलं नाई. पण पहिल्या थंडीत ते तिचे पाय झाकत होतं, मंग गुडघे झाकू लागलं. आता ती कुशीवर पाय पोटाशी घेऊन झोपते अन् दुपटं खांद्यापर्यंत ओढून घेते. चांगली झोप लागते म्हणते. जन्मात कधी लागली नाई इतकी.

एकदा मी खूप भांडली. मले परत द्या म्हटलं, माझं नाव घाला, मी तरणी आहो, माझ्या अंगावर त्याले पुष्कळ दिवस पुरेल. हिसकावलंसुद्धा. तिचा हात माझ्या हातात आला. दिव्यानीच्या हाताएवढा, पण सुई टोचून टोचून बोटं कडक झालेली. मी दुपटं सोडून दिलं.

"दिलेलं गिफ्ट परत मागतेस?" म्हणते. "सावलीले अशी रीत आहे काय?" मंग हळू आवाजात म्हणाली, "तुझं नाव घातलं तं पोट्टी कोणाच्या मागं फिरेल व? मले तिले पाहू दे. जोवर पाहता येते तोवर."

मी आत जाऊन रडत बसली. थोड्या वेळानं ती चहा घेऊन आली. कप दोन्ही हातांनी धरला होता, अन् अर्धा चहा वाटेत सांडला होता.

यंदा रोवणं लागलं तसा ओसरीवर ढीग मांडून मीच बसली. तिच्या बोटांत आता सुई मोठी दिसते, तिनं फक्त हुकूम कराचे. हा टाका वाकडा, तो दोरा कच्चा. सगळ्या वाकळी झाल्या, सगळ्यांत घास भरला, एक कोपरा उघडा ठेवला नाई. दिव्यानीचा फ्रॉक बेताले घेतला तं म्हणते, "दोन बोटं मोठा काप व. नाताळापर्यंत पोट्टी भरेल." मी तसा कापला. त्याच फुलाफुलाच्या कापडात नीलाबाईचा ब्लाऊज निघत होता. टेप घेऊन मी तिच्याकडे वळली.

दिव्यानी धावत आली अन् आजीच्या पाठीले पाठ लावून उभी राह्यली. हात आपल्या डोक्यावर आडवा धरला, मागे नेला, तो आजीच्या डोक्यावरून गेला. "मम्मी, मी आजीहून मोठी झाली," म्हणते. आजीच जास्त हसली. हसता हसता खोकली.

मी तिच्या खांद्याले टेप लावला अन् माझा हात तिथीच राह्यला. हे माप आजचं. नाताळाले पेटी उघडून हा ब्लाऊज मी हातात घेईन, तेव्हा तो कोणाच्या मापाचा असेल?

"शिव ना," ती म्हणाली. "ढिला झाला तं पोट्टी घालेल."

मी उरलेल्या कापडाले कात्री लावली नाई. घडी केली अन् पेटीत सगळ्यांच्या वर ठेवली. पोळा यायचाच आहे अजून, अन् सगळ्यांची गिफ्टं तयार आहेत, बापूरावभाऊची वाकळ, दिव्यानीचा फ्रॉक, चर्चमधल्या लेकरांच्या बाहुल्या. आईचं तेवढं राह्यलं. तिचं माप मी नाताळाच्या आदल्या दिवशी घेईन.